तापलेली मोटार आणि ओले फडके

वैशाखातील दुपार, घाटाचा चढ, आणि रस्त्याच्या कडेस बॉनेट उघडून उभी असलेली अँबॅसडर हे दृश्य एके काळी भारतातील कोणत्याही प्रवाशास अपरिचित नव्हते. अशा गाड्या आजही ज्यांनी जतन केल्या आहेत, त्यांस ते अधूनमधून पाहावेच लागते. चालक खाली उतरतो, इंजिनाच्या अंगास बसविलेल्या इंधन-पंपावर पाण्यात भिजविलेले फडके ठेवतो, झाडाच्या सावलीत जाऊन बसतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारतो. गाडी निमूटपणे सुरू होते. मग तो समाधानाने सांगतो, "व्हेपर झाला होता." ऐकणाऱ्यासही ते पटते, कारण फडके ठेवले आणि गाडी सुरू झाली, यापेक्षा अधिक पुरावा तो कोणता असावयाचा?

तथापि हा पुरावा पुरावा म्हणून फारच कच्चा आहे. त्या पंधरा मिनिटांत घडलेल्या गोष्टी एक नव्हे, दोन होत्या. पंपावर ओले फडके पडले, आणि साऱ्या इंजिनास विसावा मिळाला. कार्ब्युरेटर निवला, इग्निशन कॉइल निवली, डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर निवला, टाकीत बाहेरची हवा हळूहळू शिरली. यांपैकी कशामुळे गाडी सुरू झाली, हे फडके सांगू शकत नाही. फडक्याने उपचार झाला असेल. निदान झालेले नाही. उपचार आणि निदान यांची अशी गल्लत केल्यामुळे जुन्या गाड्यांच्या मालकांनी चांगले पंप काढून टाकले आहेत, नव्या टाक्या घातल्या आहेत, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटात ते पुन्हा उभे राहिले आहेत.

'व्हेपर लॉक' ही गोष्ट मात्र कल्पित नव्हे. तिचे कारण पेट्रोलच्या घडणीतच आहे. पाण्यासारखा पेट्रोलला एकच उत्कलनबिंदू नसतो. ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यांतील हलके घटक ३५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळू लागतात, तर जड घटक २०० अंशांपर्यंत तग धरतात. हलके घटक हवेतच, म्हणून हिवाळ्याच्या पहाटे गार इंजिन पेट घेते. पण उन्हाळ्याच्या दुपारी तेच घटक नळीत वाफ होऊन बसतात. पेट्रोलची ही वृत्ती मोजण्यासाठी त्याचा बाष्पदाब ३७.८ अंशांवर घेतात. भारतीय मानक आयएस २७९६ यात तर 'व्हेपर लॉक इंडेक्स' नावाचा एक निर्देशांकच आहे: किलोपास्कलमध्ये मोजलेल्या बाष्पदाबाची दहापट, अधिक ७० अंशांपर्यंत वाफ होऊन जाणाऱ्या भागाच्या टक्केवारीची सातपट. उन्हाळ्यासाठी या निर्देशांकाची मर्यादा इतर महिन्यांपेक्षा कडक ठेवलेली असते. रस्त्याच्या कडेस बसलेल्या चालकाचे दुःख तेल शुद्धीकरण कारखान्यास ठाऊक नाही असे म्हणता येत नाही.

समजा, एखाद्या पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंशांवर ६० किलोपास्कल आहे. समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. तापमान वाढत गेले की बाष्पदाबही वाढतो, आणि ढोबळ हिशेबाने ५० ते ५५ अंशांच्या दरम्यान तो वातावरणाच्या दाबाशी बरोबरी करतो. तेथे पेट्रोलमध्ये बुडबुडे उठू लागतात. आता बॉनेटखालील परिस्थिती लक्षात घ्यावी. रेडिएटरमधील पाणीच ८० ते ९० अंशांवर असते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी सावलीतील तापमान ५१ अंशांवर गेले होते. अशा दिवशी तापल्या डांबरावरून जाणाऱ्या गाडीच्या टाकीतील पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उकळण्याच्या उंबरठ्यावर असते. शिमल्यासारख्या सुमारे २,२०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवा थंड असते हे खरे. परंतु तेथे वातावरणाचा दाब ७७ किलोपास्कलच्या आसपास असल्यामुळे तेच पेट्रोल ४५ अंशांच्या सुमारासच उकळू पाहते. काल्क्याहून चढ चढून आलेले इंजिन तर तापलेले असतेच. म्हणून उंचावर गारवा असताही गाडी अडते, आणि चालक बुचकळ्यात पडतो.

या सगळ्यात पंपाची जागा कळीची आहे. जुन्या गाड्यांत मिस्त्री ज्यास 'एसी पंप' म्हणतात तो यांत्रिक पंप इंजिनावर असतो आणि टाकी गाडीच्या मागच्या टोकास. इंजिनातील कॅम पंपाचा पडदा खाली ओढतो, त्यायोगे टाकीतून पेट्रोल ओढले जाते. मग एक स्प्रिंग तो पडदा वर ढकलते व पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. म्हणजे गाडीच्या जवळजवळ संपूर्ण लांबीची नळी पंपाच्या ओढीखाली असते. ओढ म्हणजे कमी दाब, आणि कमी दाब म्हणजे आणखी लवकर उकळणे. पंपाच्या पुढच्या, कार्ब्युरेटरकडील नळीत दाब थोडा अधिक असल्यामुळे तेथे धोका तुलनेने कमी. एकदा वाफ झाली की तिचे आकारमान मूळ द्रवाच्या दीडशे-दोनशे पट होते, आणि पंपाचा लहानसा पडदा त्या वाफेस नुसता दाबत आणि सैल सोडत राहतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा हलविला तर जसे होते तसे. हालचाल पुष्कळ, पुढे काहीच जात नाही.

हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरून उत्तरपाडा येथे बांधलेली अँबॅसडर मे २०१४ पर्यंत तयार होत होती. तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूस आहेत, आणि कार्ब्युरेटर त्या तापलेल्या लोखंडाच्या वर बसतो. इंग्लंडच्या थंड, ओलसर हवेत ही मांडणी गुणकारी होती. खालून मिळणाऱ्या उष्णतेने पेट्रोलचे नीट बाष्पीभवन होई. नागपूरच्या मे महिन्यात तोच गुण दोष ठरतो. यात आराखडा करणाऱ्यांचा प्रमाद शोधण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या देशाच्या हवेचा विचार केला होता.

येथे एक दुसरा विकार उद्भवतो, आणि त्यासही लोक सर्रास 'व्हेपर' म्हणतात. गाडी चालू असताना ती काही तक्रार करीत नाही. चहासाठी दहा मिनिटे थांबून परत आल्यावर मात्र ती सुरूच होत नाही. इंजिन बंद झाले म्हणजे पंखा थांबतो, पाण्याचे फिरणे थांबते, आणि एक्झॉस्टमधील साठलेली उष्णता वर चढू लागते. कार्ब्युरेटरचे तापमान इंजिन बंद केल्यानंतरच काही काळ वाढत जाते, ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटते, पण ती तशी आहे. फ्लोट-चेंबरमधील पेट्रोल उकळते आणि उतू जाऊन इंजिनात उतरते. म्हणजे येथे पेट्रोल कमी पडलेले नसून जास्त झालेले असते. लक्षणे उलट आहेत: पेट्रोलचा उग्र वास, ओले झालेले प्लग, आणि सुरू झाल्यावर काळा धूर. उपायही उलट आहे. ॲक्सिलरेटर हळूहळू तळापर्यंत दाबून तेथेच धरावा, व सेल्फ मारीत राहावे, म्हणजे हवा भरपूर जाऊन जादा पेट्रोल निघून जाते. या प्रसंगी पंपावर फडके ठेवून काय होणार? पंपाचा त्यात काहीच संबंध नाही. तहानेने मूर्च्छा आलेला आणि पाण्यात बुडालेला या दोघांस एकच औषध देण्यासारखे हे आहे, आणि तरीही दोघे रोगी वीस मिनिटांनी उठून बसतात, म्हणून वैद्याची कीर्ती कायम राहते.

इंधनाशी मुळीच संबंध नसलेले तोतये यांहून फसवे. इग्निशन कॉइलमधील तारेचे वेष्टन जीर्ण झाले असेल, तर थंड असताना ती उत्तम ठिणगी देते, आणि तापली की देत नाही. कंडेन्सरचेही तसेच. निवल्यावर दोन्ही पुन्हा शहाण्यासारखी वागतात. उन्हात बिघडणे, चढावर बिघडणे, थांबल्यावर सुधारणे ही सगळी लक्षणे व्हेपर लॉकची हुबेहूब नक्कल करतात. पण एका ठिकाणी ती उघडी पडतात. ठिणगी गेली तर इंजिन बहुधा चावी फिरविल्यासारखे एकदम बंद पडते. पेट्रोल आटले तर ते आचके देत, दम लागल्यासारखे, काही अंतर धडपडत जाऊन थांबते. गाडी कशी बंद पडली, हा प्रश्न ती का बंद पडली याच्या आधी विचारला पाहिजे. आणि त्याचे उत्तर केवळ चालकापाशी असते, मिस्त्र्यापाशी नव्हे. चालक मात्र गॅरेजमध्ये जाऊन लक्षण सांगत नाही, आपले निदान सांगतो. "व्हेपर होतो, पंप बदला." मिस्त्री पंप बदलतो.

इंजिन थोडे निवल्यावर एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावावे आणि ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवावा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर फ्लोट-चेंबरमध्ये पेट्रोल आहे. मग संशय ठिणगीकडे वळवावा. पिचकारी उडालीच नाही, तर चेंबर रिकामे आहे. पंपास हाताने चालविण्याचा लहान दांडा असेल, तर तो काही वेळा हलवून पाहावा. चेंबर भरत आले व सुई-झडप बंद झाली म्हणजे दांडा सैल पडतो, आणि हाताला ते कळते. दांडा पहिल्यापासूनच सैल वाटला तर पंप बिघडला असे लगेच ठरवू नये. कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या बाहूखाली आलेला असतो. इंजिन थोडे फिरवून पुन्हा पाहावे. या परीक्षेस दोन मिनिटे लागतात, आणि एक पैही लागत नाही.

फडके टाकून द्यावे असे यावरून कोणी समजू नये. फडके हे उत्तम उपकरण आहे. ते उपचार म्हणून वापरले जाते एवढेच चुकते. प्रयोगशाळेत ज्यास नियंत्रित प्रयोग म्हणतात तो घाटात करता येतो, आणि त्यास फडके व घड्याळ याहून अधिक साहित्य लागत नाही. एके दिवशी गाडी अडली की फक्त पंपावर आणि त्यात येणाऱ्या नळीवर ओले फडके ठेवावे व ती किती मिनिटांनी सुरू होते ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेस, त्याच चढावर गाडी अडली की काहीच न करता नुसते थांबावे, आणि मिनिटे मोजावी. फडक्याने तीन मिनिटे व फडक्यावाचून वीस मिनिटे लागली, तर दोषी पंप किंवा त्याची नळी. दोन्ही वेळा अठरा मिनिटेच लागली, तर फडक्याने काहीही केलेले नाही, आणि इतकी वर्षे त्यास उगीच मान मिळाला. कॉइलचा संशय असेल, तर गाडीत ठेवलेली दुसरी, थंड, खात्रीची कॉइल जोडून लगेच सेल्फ मारावा. कॉइलवर पाणी ओतू नये. तसेच एक्झॉस्टच्या तापलेल्या बिडावर गार पाणी कधीही टाकू नये, बीड तडकते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास फार कठीण. उन्हात उभे असलेले कुटुंब, रडणारे मूल आणि मागून हॉर्न वाजविणारा ट्रक यांच्यासमोर कोण एकेक गोष्ट बदलीत बसेल? चालक फडकेही ठेवतो, फिल्टरही फुंकतो, पॉइंटही घासतो, टाकीचे झाकणही उघडतो. गाडी सुरू होते आणि ज्ञान मात्र काहीच हाती लागत नाही. त्यास त्या क्षणी दोष देता येत नाही. दोष येतो तो दुसऱ्या दिवशी, घरी शांतपणे तो प्रयोग पुन्हा न करण्यात.

टाकीच्या झाकणाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती जितकी क्षुल्लक तितकीच अनेकांस भोवलेली आहे. टाकीतून पेट्रोल जाते तितकी हवा तीत शिरली पाहिजे, म्हणून जुन्या गाड्यांच्या झाकणात अथवा टाकीच्या माथ्यावर एक सूक्ष्म छिद्र असते. ते धुळीने बुजते. किंवा पेट्रोलचोरीच्या भीतीने मालक बाजारातून कुलपाचे नवे झाकण आणतो, ते बसते नेमके, परंतु त्यास छिद्रच नसते. मग गाडी तीस-चाळीस किलोमीटर सुखाने जाते, टाकीत निर्वात वाढत जातो, पंपाची ओढ त्यापुढे थिटी पडते, आणि नळीतील पेट्रोल कमी दाबामुळे लवकर उकळते ते वेगळेच. हिवाळ्यात हा दोष कळतही नाही. उन्हाळ्यात तो उघड होतो. गाडी थांबली की हवा हळूहळू कोठून तरी शिरते आणि वीस मिनिटांत सर्व ठीक. पुन्हा तेच वीस मिनिटांचे सोंग. याची परीक्षा इतकी सोपी आहे की सांगताना संकोच वाटावा: गाडी अडताक्षणीच, दुसरे काहीही करण्यापूर्वी, झाकण उघडून कान द्यावा. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर पंप, कार्ब्युरेटर व टाकी यांपैकी कशासही हात लावण्याचे कारण नाही.

नळीच्या जोडातील रबरास बारीक चीर गेलेली असली, तरीही असाच घोटाळा होतो. त्या चिरेतून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, कारण तेथे ओढ असते. उलट हवा आत जाते. थेंब दिसत नाही म्हणून मिस्त्री जोड निर्दोष ठरवितो. रबर उन्हाने सैल झाले की चीर उघडते.

आता बाटलीविषयी. बाटलीत अथवा डब्यात पेट्रोल घेऊन ती बॉनेटला बांधावयाची, रबरी नळीने सरळ कार्ब्युरेटरला जोडावयाची, आणि गाडी 'बाटलीवर' चालवून पाहावयाची, ही युक्ती देशातील बहुतेक सर्व गॅरेजांत परिचित आहे. तर्क म्हणून ती निर्दोष आहे. पंप आणि मागची सारी नळी वगळली, तरीही इंजिन अडले, तर दोष कार्ब्युरेटरात किंवा ठिणगीत. अडले नाही, तर मागे. परंतु पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी निघत असते, ती हवेहून जड असल्यामुळे खालीच साठून राहते, आणि येथे तर खाली लालभडक तापलेला एक्झॉस्ट व शेजारी ठिणग्या उडविणारा डिस्ट्रिब्युटर. नळी पंपापासून सोडवून सेल्फ मारून 'धार येते का' हे पाहणे हाही त्याच जातीचा प्रकार. जे ज्ञान दाबमापकाने मिळते ते आगीशी खेळून मिळविण्यात शौर्य नाही. पंपाच्या पुढे दाबमापक आणि मागे निर्वातमापक जोडला, तर पंपाची ढकल व ओढ दोन्ही आकड्यांत दिसतात. ही दोन उपकरणे घेणे लहान गॅरेजासही अशक्य नाही. पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे, इतकेच काम. पंपाची ओढ ठीक असून निर्वात अवाजवी वाढत असेल, तर मागे काहीतरी बुजले आहे. ओढच नसेल, तर पडदा किंवा झडपा गेल्या. व्हेपर लॉकचे नाव घेण्याची पाळी या सर्वांनंतर येते.

अमेरिकेत जुन्या गाड्यांचे शौकीन पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे ओळीने लावीत असत, असे आढळते. लाकडाच्या चार तुकड्यांनी वाहत्या पेट्रोलची उष्णता कशी हटावी? पण गाडी तर चालली! ओल्या फडक्याची आणि चिमट्यांची जात एकच. फडक्यास निदान बाष्पीभवनाचा आधार तरी आहे.

अलीकडे 'व्हेपर'च्या जोडीस एक नवे नाव आले आहे. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर, आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. तेव्हापासून जुन्या गाडीचा कोणताही उन्हाळी विकार इथेनॉलच्या माथी मारण्याची प्रथा पडली आहे. यात तथ्य काहीच नाही असे नव्हे, आणि म्हणूनच येथे काळजीपूर्वक बोलले पाहिजे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांवर उकळते व ३७.८ अंशांवर त्याचा बाष्पदाब सुमारे १६ किलोपास्कल, म्हणजे पेट्रोलहून पुष्कळ कमी असतो. असे असूनही ते पेट्रोलमध्ये मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब घटण्याऐवजी वाढतो, कारण इथेनॉलचे रेणू हायड्रोकार्बनांच्या सहवासात एकमेकांपासून सुटे होतात व अधिक सहज निसटतात. ही वाढ १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते व २० टक्क्यांस किंचित कमी होते. ७० अंशांपर्यंत उडून जाणारा भागही वाढतो. शुद्धीकरण कारखान्यास मूळ पेट्रोलातील हलके घटक कमी करून हे सावरता येते. तेव्हा पंपावरून घेतलेल्या एखाद्या पेट्रोलचा बाष्पदाब न मोजता 'इथेनॉलने व्हेपर होतो' असे म्हणणे हे निदान नव्हे.

इथेनॉलचा अधिक निश्चित परिणाम दुसरीकडे आहे. त्यात प्राणवायू असल्यामुळे २० टक्के मिश्रणावर तेवढ्याच हवेस सुमारे ७ ते ८ टक्के अधिक इंधन लागते. आधुनिक गाडी ते संवेदकाने जाणून आपोआप देते; जुन्या कार्ब्युरेटरचा जेट मात्र बसविला तेवढेच देतो. परिणामी इंजिन पातळ मिश्रणावर चालते, चढावर अडखळते, आणि चालकास वाटते पेट्रोल पोहोचत नाही. पोहोचते, पण पुरत नाही. जुन्या रबरी नळ्या व पडदे फुगतात, टाकीतील जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. या तीन गोष्टींचे तीन वेगवेगळे इलाज आहेत: जेट बदलणे, इथेनॉल सोसणारे रबर घालणे, टाकी धुणे. त्यांतील एकही इलाज 'इथेनॉल वाईट' या वाक्यातून निघत नाही. धोरणाविषयी मतभेद असावयास हरकत नाही. पण धोरणाचा राग फिल्टरवर काढता येत नाही, फिल्टर उघडूनच पाहावा लागतो.

निदान पक्के झाल्यावर उपाय फार कठीण नाहीत. कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक जाड पॅकिंग असते. कोणीतरी दुरुस्तीत ते काढून साधे कागदी पॅकिंग घातलेले पुष्कळदा आढळते. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पत्र्याची ढाल असावी. नळी एक्झॉस्टला खेटून गेली असेल तर ती दूर वळवावी. पंपापासून टाकीकडे परत जाणारी बारीक नळी घातली तर पेट्रोल सतत फिरत राहते व झालेली वाफ टाकीत निघून जाते. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसविणे हा सर्वांत प्रभावी इलाज, कारण मग सारी नळी ओढीऐवजी दाबाखाली येते. नव्या गाड्यांत पंप टाकीच्या पोटातच असतो व दाब कित्येक पट अधिक, म्हणून २००० सालच्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडला तसे व्हेपर लॉकचे नावही तरुण चालकांच्या कानावरून गेले. मात्र जुन्या गाडीत असा पंप बसविताना त्याचा दाब कार्ब्युरेटरच्या सुई-झडपेस सोसेल एवढाच असावा, आणि अपघातात इंजिन थांबताच पंप बंद करणारी कळ अवश्य घालावी. ही कळ पुष्कळ जण गाळतात. उलटलेल्या गाडीत पंप पेट्रोल ओतीत राहिला, तर काय होईल हे सांगावयास नको.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरे पाहता सगळे त्याच्याशीच येऊन ठेपते. गॅरेजच्या बिलावर पंपाची किंमत असते, पॅकिंगची असते, मजुरीची असते. 'झाकण उघडून ऐकले' याची किंमत कोणी लावीत नाही, आणि लावली तर मालक देत नाही. ज्या मिस्त्र्याने दोन मिनिटांत झाकणाचा दोष ओळखला त्यास वीस रुपये, आणि ज्याने तो न ओळखता पंप, फिल्टर व कॉइल बदलली त्यास हजारो रुपये मिळतात. अशा व्यवहारात निदानाची विद्या टिकेल कशी? २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले, त्यामुळे अशा गाड्या रस्त्यावर राहतील. त्यांस हात लावणारे जुने मिस्त्री मात्र एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या बोटांत असलेले ज्ञान कोणत्याही वहीत उतरलेले नाही. मालकाने तपासणीचे पैसे, भाग बदलो वा न बदलो, वेगळे द्यावे. आणि मिस्त्र्याने बिलाच्या पाठीवर गाडी कशी बंद पडली, किती मिनिटांनी सुरू झाली, हवा किती तापली होती, कोणती एक गोष्ट बदलली व तिने काय झाले, एवढे चार ओळींत लिहावे. पुढच्या मे महिन्यात तीच गाडी दुसऱ्या मिस्त्र्याच्या दारात आली, तर त्याने प्रथम तो कागद मागावा आणि मग पाना हातात घ्यावा.